आल्यावर दाढी करतो

१

एका दाढीला माणसाला किती वेळ लागावा, हा शिवांजलीचा लग्नानंतरचा पहिला अभ्यास. धैर्यशील सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन पलूसच्या स्टँडाजवळच्या सलूनात जायचा, तो थेट जेवायच्या वेळेला उगवायचा. येताना गावातल्या चार भानगडी आणि हनुवटीखाली लाल पुळ्या घेऊन यायचा. पुळ्यांवर खोबरेल चोळायचा. पुढच्या खेपेला पुन्हा तिथंच.

घरी का करत नाही, असं तिच्या ओठांवर कितीदा तरी आलं होतं. पण नवीन सुनेनं आधी बघावं आणि बोलायचं मागाहून ठरवावं, असा तिचा स्वतःपुरता नियम होता. त्यामुळे बघून बघून तिला हे घर बरंच पाठ झालं होतं. तीन खोल्यांचं स्लॅबचं घर, मागं परड्यात पत्र्याच्या दाराची न्हाणी, न्हाणीबाहेर पाणी तापवायचा तांब्याचा बंब. पुढच्या सोप्यात सासऱ्यांचा, हंबीररावांचा, फौजी वेशातला फोटो. भरघोस मिशी. फोटोला हार नव्हता आणि सासूच्या, साळूबाईंच्या, कपाळावर कुंकू होतं. खुंटीवर सासऱ्यांचा टॉवेल होता, तो दर आठवड्याला धुऊन पुन्हा त्याच खुंटीवर जायचा.

सुभेदार होऊन घरी आलेला हा माणूस आठ वर्षांपूर्वी मिरजेला डोळे दाखवायला गेला आणि परतला नाही. हे तिला लग्न ठरतानाच सांगितलं होतं. शोधाशोध, पोलीस, देवऋषी सगळं झालेलं होतं. आता घरात त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसे. बोलून बोलून संपलं असावं.

धैर्यशील कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंगला होता. दिवसभर लोखंडाला धार लावायची आणि संध्याकाळी मोटारसायकलवरून धूळ खात घरी यायचं. जेवताना बोलायचंही त्राण नसायचं. फक्त मोबाइलवर जुन्या उघड्या पात्याच्या वस्तऱ्यांचे व्हिडिओ लागले की त्याचे डोळे चमकायचे.

"शिवा, हे पोलाद बघ. आताच्या ब्लेडला ही सर न्हाई. एकदा लावली धार की माणसाचा जन्म जाईल."

हे ती बघत होती. म्हणून त्याच्या वाढदिवसाला काय घ्यायचं, हा प्रश्नच उरला नाही.

२

जुना वस्तरा कसा निवडावा, हे तिनं माहेरी आष्ट्याला गेल्यावर आईच्या नकळत दोन दुपारी मोबाइल घेऊन बसून बघितलं. आईनं पाहिलं असतं तर लेकीचं सासरी बरं चाललंय ना, अशी शंका घेतली असती. येताना ती सांगलीला उतरली आणि मंडईमागच्या बोळात कात्र्या-सुऱ्यांना धार लावणाऱ्या केरबाच्या दुकानात शिरली. जुन्या वस्तूही तो विकायचा.

"वस्तरा? कापायचं कुनाला?" केरबानं चष्म्यावरून बघितलं.

"नवऱ्याला द्यायचाय."

"लग्नाला किती दिस झालं?"

"पाच महिने."

"मग अजून लौकर हाय, ताई. थोडं सोसून बघा." स्वतःच्याच विनोदावर तो मनसोक्त हसला आणि तीन वस्तरे काचेच्या कपाटावर मांडले. एक आरशासारखा चकचकीत होता. दुसऱ्याला पांढऱ्या शिंगाची मूठ होती. तिसरा काळवंडलेला, कुणी हातही लावू नये असा.

"ह्यो घ्या. नंबर एक माल." त्यानं चकचकीत वस्तरा पुढं सरकवला.

तिनं तो काचेवर आडवा ठेवून एका टोकाला बोट टेकलं. वस्तरा डुगडुगला. म्हणजे पातं वाकलेलं.

"पॉलिश केलंय त्याला," केरबा म्हणाला.

"पॉलिशच केलंय," ती म्हणाली.

पांढऱ्या मुठीच्या वस्तऱ्याला ऐन धारेजवळ गंजानं खाल्लेले बारीक ठिपके होते. ते घासून जात नाहीत, धारच तुटते, असं तिनं ऐकलं होतं. राहिला काळवंडलेला. तो काचेवर सपाट बसला. मुठीतली खीळ घट्ट होती. पात्याची जाड पाठ दोन्ही बाजूंनी सारखी झिजलेली; कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच मापात, न चुकता चालवलेली. नवशिक्यानं असाच घ्यावा, शिकलेल्या हातातला.

"हा कुणाचा होता हो?"

"भंगारात आला, ताई. आता आलेल्याला नाव-गाव कोन इचारतं? मानसं जात्यात, पोलाद ऱ्हातं."

त्यानं दगडावर धार लावून दिली. लावताना तो शिट्टी वाजवत होता, मधेच थांबला, पात्याकडे बघितलं आणि पुढं शिट्टी वाजवली नाही. वस्तरा मिटून त्यानं तिच्या हातात दिला नाही, काचेवर ठेवला.

"धारेची वस्तू हातात देत न्हाई मी. हितनं उचला."

तिनं उचलला.

३

धैर्यशीलनं वस्तरा उघडला, अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवला आणि कानाजवळ नेऊन ऐकला. लग्नात घोड्यावर बसताना तो एवढा खूश दिसला नव्हता. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"मी ह्यो सलूनात ठेवतो. तिथंच करीन."

"सलूनात? मी काय त्या सलूनवाल्यासाठी आणलाय?"

"घरात न्हाई चालत, शिवा."

साळूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिला सांगितलं न्हाईस व्हय रं अजून?"

कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मग सासूनंच सांगितलं. सुपातून खडे वेचावेत तसं एकेक.

"घरातलं मानूस गावाला निघालं की मागं लगीच केर काढत न्हाईत, डोस्क्यावरनं न्हात न्हाईत, दाढी करत न्हाईत. तुमच्या आष्ट्यात न्हाई व्हय?"

"आहे की, आत्या. माणूस पोचेपर्यंत."

"हां. पोचेपतूर." साळूबाईंनी एक खडा बाजूला टाकला. "ह्ये पोचल्याचं कळलं न्हाई अजून."

शिवांजली त्यांच्यासमोर खाली बसली.

"सगळं कुटं पाळलं मी? घरात ऱ्हायचं तर केर काढाय लागतोय. न्हाले बी. दाढी तेवढी धरून ठिवली. येवढी वर्सं फौजेत, दाढी केल्याबिगर कवा उंबरा वलांडला न्हाई त्यांनी. त्या दिशी गाडी चुकंल म्हनून तसंच गेलं. पानी तापलं हुतं. म्हनलं, आवं, पानी तापलंय. तर म्हनलं, असू दे, आल्यावर करतो."

त्यांनी सूप दोनदा पाखडलं.

"कर बाबा," साळूबाई अखेर म्हणाल्या. "पोरीनं हौसेनं आनलाय. लय झालं आता. मी बी दमले. नुसतं पोचलं येवढं कळलं असतं तरी मला पुरं हुतं. जित्तं का मेलं, ते बी नको."

त्या उठल्या आणि फडताळातून सासऱ्यांचा पत्र्याचा मग आणि फौजेतला, वस्तरा परजायचा चामडी पट्टा काढून दिला. कॉटखालची काळी ट्रंकही ओढून काढली. "हिच्यावर बसून करत हुते."

"मी उभ्यानंच करतो," धैर्यशील म्हणाला.

ट्रंक तरीही न्हाणीत गेली. धैर्यशीलनं आपल्या उंचीला खिळा ठोकून त्यावर आरसा टांगला. भिंतीत बराच खाली, छातीच्याही खाली एक जुना गंजका खिळा होता, तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता. पहिल्या दाढीत त्यानं स्वतःला तीन ठिकाणी कापून घेतलं, वर तुरटी फिरवली आणि चिंध्या झालेला चेहरा घेऊन लढाई जिंकल्यासारखा बाहेर आला. साळूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या मागं, न्हाणीच्या उघड्या दाराकडे बघितलं, जरा जास्त वेळ.

४

दाढीचा मग धुवायचं काम आपसूक शिवांजलीकडे आलं.

पहिल्याच दिवशी तिला फेसाखाली तळाशी काहीतरी पांढरं दिसलं. साबणाचे कण असतील म्हणून तिनं ते बोटानं चोळलं. ते बोटाला टोचलं. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, बोअरच्या पाण्याचे क्षार. तिसऱ्या दिवशी, बंबाची राख. अशी कारणं शोधण्यात ती हुशार होती. कॉलेजात वादविवादाला बक्षिसं घेतली होती. शेवटी तिनं ते चिमूटभर उचलून साडीच्या काळ्या काठावर ठेवलं आणि उन्हात नेलं.

आखूड, ताठ, पांढरे केस होते.

त्या संध्याकाळी धैर्यशील जेवून तसाच आडवा झाला. ती उशाशी बसून त्याच्या गालावरून बोट फिरवत राहिली. खुंट काळेभोर होते. एकही पांढरा नव्हता.

"काय बघती?"

"तुमचे केस पिकलेत का, ते."

"कुपवाडला ये एक दिवस. आपोआप पिकतील." तो कूस बदलून झोपला.

मग आरसा. तो एका सकाळी खालच्या गंजक्या खिळ्यावर होता. धैर्यशीलनं वर टांगला. दुसऱ्या सकाळी पुन्हा खाली.

"आई, आरसा का काढती गं तू?"

"मला कशाला लागतोय आरसा, ह्या वयात?" साळूबाई म्हणाल्या. तेही खरंच होतं.

शिवांजलीनं वरचा खिळा हलवून पाहिला. पक्का होता. खालच्या खिळ्याचा गंज मात्र घासला गेला होता, टोक चकाकत होतं. तिनं न्हाणीत ट्रंकेवर बसून पाहिलं. आरशात तिचा चेहरा बरोबर मधोमध आला. ती लगेच उठली. न्हाणीत साबणाचा वास होता. धैर्यशीलचा साबण लिंबाच्या वासाचा होता. हा वास नुसत्या जुन्या, धुतलेल्या खाकी कापडाचा होता.

कुणाशी बोलायचं? नवऱ्याशी बोलायला तो जागा तर पाहिजे. पाळी बदलली होती, आता तो दुपारी जेवून जायचा आणि मध्यरात्र उलटून यायचा. तरी एका सकाळी दाढी करता करता तो आपण होऊनच म्हणाला, "शिवा, तू शिकली का काय?"

"काय?"

"धार लावायला. पट्ट्यावर कोण मारतंय ही? मी आठ तास हेच करतो, पण मला अशी धार बसवता येत न्हाई." त्यानं पातं उजेडात धरलं. तो घाबरला नव्हता. त्याला हेवा वाटत होता.

तिनं "मी नाही" असं म्हटलं. फेसानं भरलेल्या तोंडानं तो हसला. बायको लाजतीय, असं त्याला वाटलं.

५

धैर्यशील कामावर गेला की दुपारी घर पेंगायचं. साळूबाई सोप्यात कलंडायच्या, शिवांजली दळणाला जायची नाहीतर कपडे धुवायची. त्या दिवशी ती गिरणीत गेली, तर गिरणीची लाईट गेलेली. डबा तसाच घेऊन ती मागच्या वाटेनं परड्यात आली.

बंब पेटला होता.

भर दुपारी, उन्हाचा कहर झालेला असताना. तोटीला हात लावून पाहिला, चटका बसला. परवाही तिला बंबाखालची राख दुपारची गरम लागली होती. तेव्हा साळूबाई म्हणाल्या होत्या, गुडघं शेकते गं.

न्हाणीचं पत्र्याचं दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता. सप्... सप्... सप्. चामड्यावर पोलाद. घाई नाही, चूक नाही. मग तो थांबला. पाणी ओतल्याचा आवाज. मग दुसरा आवाज सुरू झाला, बारीक, कोरडा, सुक्या पानावरून नख ओढावं तसा. थोडा चालायचा, थांबायचा, पाण्यात काहीतरी बुडायचं, पुन्हा चालायचा.

आत्या असणार, तिनं स्वतःला सांगितलं. आत्याच वस्तऱ्याशी काहीतरी करतायत. म्हाताऱ्या माणसाचं दुःख असं कुठूनही बाहेर पडतं. सगळ्याचा उलगडा होतो. पांढरे केससुद्धा त्यांच्या डोक्याचे. असं समजावत ती दाराच्या फटीशी आली आणि तिचं समजावणं अर्ध्यावर राहिलं.

साळूबाई जमिनीवर उकिडव्या बसल्या होत्या. दोन्ही हात रिकामे नव्हते. दोन्ही हातांनी त्यांनी आरसा धरला होता, स्वतःकडे पाठ करून, ट्रंकेच्या बाजूला. नीट, न हलवता, नवऱ्यासमोर बायकोनं धरावा तसा. त्यांची नजर आरशाच्या वर, ट्रंकेवर बसलेल्या माणसाचं तोंड असावं तेवढ्या उंचीवर होती. दुसऱ्याची दाढी बघताना बघणाराच्याही तोंडाला चाळा लागतो. तसा त्यांनी आपला वरचा ओठ दातांवर ताणून धरला होता. खर्र, खर्र असा आवाज आला की त्यांचा ओठ जरा डावीकडे सरकायचा. मग जरा उजवीकडे.

ट्रंकेची कड दारातून तेवढी दिसत होती. तिच्यावर घडी घातलेला टॉवेल होता, खुंटीवरचा. टॉवेल मधोमध खोल दबलेला होता.

"दम खा जरा," साळूबाई हळूच म्हणाल्या. "डावीकडचं ऱ्हायलंय."

आवाज थांबला. आरशाच्या काचेवर एक धुकट ठिपका उमटला, विरला, पुन्हा उमटला.

शिवांजलीच्या हातातला डबा निसटला.

६

पीठ नव्हतं, ज्वारीच होती, म्हणून बरं. दोघी मिळून परड्यात ज्वारी वेचत बसल्या. न्हाणीत कुणी नव्हतं. आरसा खालच्या खिळ्यावर होता, वस्तरा ओला, मिटलेला, ट्रंकेवर.

"कवापास्नं, आत्या?"

"धैर्यानं पयली दाढी केली, तवापास्नं." साळूबाईंच्या आवाजात ना भीती होती ना आनंद. लांबचा पाहुणा येऊन मुक्कामाला राहावा आणि त्याचं करता करता जीव थकून जावा, तसा आवाज होता. "बोलत न्हाईत. फकस्त दाढी करत्यात. रोज थोडी. आठ वर्सांची हाय नव्हं."

"तुम्हाला दिसतात?"

"तुला दिसलं?"

"नाही."

"मग नको इचारू, पोरी."

शिवांजलीनं न्हाणीतून दाढीचा मग उचलून आणला. फेसाच्या तळाशी आज आखूड खुंट नव्हते. लांब, वाकडे, जाडसर पांढरे केस होते, बोटभर लांबीचे. हे हनुवटीचे नव्हेत, हे तिला न सांगता कळलं. सोप्यातला फोटो तिच्या डोळ्यासमोर आला.

"मिशी," ती म्हणाली.

साळूबाई ज्वारी वेचत राहिल्या.

या भागात बाप्या माणूस सुखासुखी मिशी उतरवत नाही. घरातलं कुणी गेल्यावरच उतरवतो. हे शिवांजलीला लहानपणापासून माहीत होतं. चुलते वारले तेव्हा उघड्या ओठाचा बाप तिला ओळखूच आला नव्हता.

"आत्या, मिशी कशाला काढली त्यांनी? कुणासाठी?"

घरात माणसं तीन. दोघी इथं बसल्या होत्या, तिसरा कुपवाडला कामावर होता. तिनं धैर्यशीलला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा यंत्राच्या घरघरीतून तो ओरडला, "काय गं? काम चाललंय!" ती म्हणाली, "काही नाही. सावकाश या." साळूबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी हात पुढं केला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सुनेच्या गालावरून फिरवला. हात बंबाच्या पाण्यानं गरम होता.

"त्येची काळजी करू नगं," त्या म्हणाल्या. "त्येची न्हाई ती."

दुसऱ्या दिवशी धैर्यशील कामावर गेल्यावर साळूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि पिशवी घेतली. केस तेलकट होते, शनिवारचं न्हाणं राहिलेलं. शिवांजलीनं बंब पेटवलाच होता.

"कुठं निघालात, आत्या?"

"मिरजेला. डोळं दाखवून येते."

शिवांजलीनं पायात चपला सरकवल्या. "मी येते बरोबर."

"तू घर बघ."

"मग उद्या जा. हे घेऊन जातील गाडीवरून. पाणी तापलंय, न्हाऊन तरी घ्या."

साळूबाई उंबऱ्यात थांबल्या. दमलेलं माणूस खांद्यावरचं ओझं उतरवताना क्षणभर थांबतं तसं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आल्यावर न्हाते."

तिनं अडवायला हवं होतं. हाताला धरून आत ओढायला हवं होतं, आरडाओरडा करून गल्ली गोळा करायला हवी होती. पुढं कितीतरी दिवस ती हे स्वतःला सांगत राहिली. पण सासूच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं या घरात आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. विसावा होता. त्याच्या आड यायला तिचा हात उठला नाही.

ती दारात उभी राहिली. उसाच्या फडांमधून सडकेकडे जाणारी वाट बैलगाडीएवढी रुंद होती, आणि साळूबाई एका कडेनं चालल्या होत्या, उरलेली वाट मोकळी सोडून. पिशवी बाहेरच्या हातात होती. पुढं पाण्याचा पाट आडवा येत होता. तिथं त्यांनी आतला हात बाजूला केला आणि पाट ओलांडला. तोल जाणारं माणूस हवेत हात हलवतं. साळूबाईंचा हात हलला नाही. त्यावर त्यांनी भार टाकला, आणि तो भार कुणीतरी घेतला, हे इतक्या लांबूनही दिसत होतं.

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

७

मिरजेत त्या कुठल्याच डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या. धैर्यशीलनं आठ वर्षांपूर्वी घातले होते ते सगळे हेलपाटे पुन्हा घातले. तेच पोलीस ठाणं, तीच स्टेशनं, तोच फोटो दाखवायचा प्रकार, फक्त फोटो दुसरा. एका कंडक्टरला म्हातारी आठवत होती. "भांडखोर होती हो," तो म्हणाला. "गाडी भरलेली, लोक उभे, आणि शेजारी कुणाला बसू देईना. माणूस हाय म्हणाली." कुठं उतरली, ते त्याला सांगता आलं नाही.

शिवांजलीनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, वाद घातला नाही आणि विश्वासही ठेवला नाही. वस्तरा मात्र त्यानं तेलाच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकला आणि ट्रंक कॉटखाली सारली. आता तो पुन्हा स्टँडाजवळच्या सलूनात जातो. पुळ्या घेऊन येतो, गावाच्या भानगडी आणत नाही. मिशी त्यानं ठेवलीय. भावकीतली माणसं येऊन दोघांचंही दिवसकार्य उरकून टाक म्हणाली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पोचल्याचं कळू दे."

आरसा सोप्यात आला. न्हाणीतला खालचा खिळा पुन्हा गंजायला लागला.

केर शिवांजलीनं तिसऱ्या दिवशी काढला. घरात राहायचं तर केर काढावा लागतो. पण डोक्यावरून ती घरी न्हात नाही. दर शनिवारी एसटीनं आष्ट्याला जाते, आईच्या न्हाणीत केस धुते आणि ओले केस पाठीवर टाकून संध्याकाळच्या गाडीनं परत येते. सासरी पाण्याचे एवढे हाल आहेत का, असं आई आधी विचारायची. शेजारणी हसायच्या. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. तिलाही झाली, याचंच तिला नवल वाटायचं.

एका शनिवारी ती पिशवी भरत होती. धैर्यशील सुट्टीवर होता. उंबऱ्यात, साळूबाई बसायच्या त्या जागी तो बसला होता. फोटोखालच्या खुंटीवर सासूचा टॉवेल होता. तो तिनं कालच धुऊन अडकवला होता.

"शिवा," तो म्हणाला. "आज घरीच न्हा."

तिच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "तुम्हाला कळतंय काय म्हणताय ते?"

"कळतंय."

"तुमचा विश्वास नाही म्हणालात."

"न्हाईच." तो परड्याकडे बघत होता. गालाखाली पुळ्या आल्या होत्या, डोळ्यांखाली काळं झालं होतं. या वर्षभरात त्याचे कल्ले खरोखरच पिकले होते. "पण लय दमलो गं मी. एकदा कळू दे."

 आष्ट्याची गाडी सडकेवरून हॉर्न देत गेली, तो आवाज दोघांनी ऐकला.

मग तिनं पिशवी खाली ठेवली, परड्यात गेली आणि बंबात चिपाडं घातली. एकटीच्या न्हाण्याला किती पाणी लागतं, हे तिला पाठ होतं.

तिनं बंब काठोकाठ भरला.